अर्ध्या गाण्याचा घुमट

मी घुमट बोलतोय. हळूच बोलतोय, कारण माझ्याभोवती काचेची पेटी आहे आणि पेटीवर पाटी आहे. पाटीवरचं मला वाचता येत नाही. मातीच्या पोटी अक्षर कुठून येणार? पण इथला वॉचमन सदानंद येणाऱ्याजाणाऱ्या पोरांना ती ओरडून वाचून दाखवतो, म्हणून पाठ झालीय. वर लिहिलंय, 'विश्वशांतीचं वाद्य'. खाली लिहिलंय, 'कृपया हात लावू नये'.

आता तुम्हीच सांगा, ज्याला हात लावायचा नाही ते वाद्य कसलं? माठात पाणी भरायचं नाही आणि चुलीत जाळ करायचा नाही, तसलाच प्रकार. पण शहाण्या माणसांनी लिहिलंय म्हटल्यावर आपण कोण बोलणारे!

ही जागा म्हणजे वसईतल्या उमेळ्याकडच्या एका टॉवरचं क्लब हाऊस. उजव्या बाजूला कॅरम आहे, डाव्या बाजूला एक पट्टा आहे, त्याच्यावर माणसं सकाळी घाम येईपर्यंत धावतात आणि जिथल्या तिथे राहतात. समोरच्या भिंतीवर टीव्ही आहे. त्या टीव्हीचं शेवटी सांगेन. तो माझा वैरी आहे.

माझा जन्म खाडीकाठच्या चिकणमातीचा. ज्या कुंभाराने मला घडवलं तो एरवी माठ आणि पणत्या करायचा, घुमट क्वचित. म्हणून मी घागरीसारखाच दिसतो, फक्त मला तोंडं दोन. मोठ्या तोंडावर कातडं ताणायचं, ते थापेचं तोंड. मागचं लहान तोंड उघडं, त्याच्यावर तळहात झाकायचा आणि सोडायचा. झाकला की आवाज पोटात जातो, सोडला की बाहेर येतो. पहिलं कातडं घोरपडीचं होतं. पुढे ते मारणं गुन्हा ठरलं, ठरायलाच हवं होतं, तेव्हा बकऱ्याचं चढलं. आवाज जरा जाडा झाला, पण बायकांचे गळे तरी कुठे पहिल्यासारखे राहतात?

उमेळ्याच्या खाली, खाडीच्या अंगाला दोन वाड्या आहेत. एक मळ्याची वाडी, तिथे हिंदू शेतकऱ्यांची घरं. दुसरी क्रुसाची वाडी, तिथे ख्रिस्ती घरं, वाटेवर एक पांढरा क्रूस आणि त्याच्यापुढे काचेचा दिवा. दोघींच्या मध्ये एक विहीर. तिला नाव नाही, नुसती मधली विहीर. मी राहायचो क्रुसाच्या वाडीत, मर्सीच्या घरी, माळ्याखालच्या खिळ्यावर. मर्सीचा नवरा कॅल्विन मला वाजवायचा.

आता विहिरीची रीत सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच अडलंय.

लग्न कुठल्याही वाडीतलं असो, हळद लागायच्या आधी सांजेला नवरीला मधल्या विहिरीवर न्यायचं आणि तांब्याच्या कळशीत पाणी उचलायचं. त्या पाण्याने हळद कालवायची. पण पाण्याचं गाणं लागल्याशिवाय दोर विहिरीत सोडायचा नाही, आणि ते गाणं लावायचं समोरच्या वाडीतल्या बाईने. घरच्या बाईने नाही, तिचा गळा कितीही गोड असू दे. मळ्याच्या वाडीत लग्न असलं तर क्रुसाच्या वाडीची बाई लावणार, आणि उलट.

गाण्याचे भाग दोन. पहिल्यात नवरीचं नाव घेऊन तिला विहिरीवर उभी करायची:

विहिरीच्या काठी गो, कोन उबी रायली?
पानी बाय उचल, कलशी बाय भर,
एक हात तुजा गो, एक माजा हात.

आणि दुसऱ्यात 'भरली कलशी, चल आता घरा' म्हणत तिला घरी न्यायची. जिने उभी केली तिनेच घरी न्यायची, आणि ती माझ्या थापेवर. नाव एकदाच घ्यायचं. मध्येच तुटलं तर नवरी विहिरीवर उभीच राहते, असं म्हाताऱ्या सांगायच्या. खरं-खोटं मला विचारू नका. पण खोकला आला तरी एकही बाई गाणं अर्धं टाकत नसे, एवढं मी पाहिलंय.

या रीतीत शांती हा शब्द कुठेच नव्हता. शांती क्रुसाच्या वाडीत चर्चमधल्या मिस्साला म्हणायचे आणि मळ्याच्या वाडीत नव्या घराची घालायचे. बाकी दिवस भांडायचे. भांडणं काय थोडी होती! बांधावरून, कोंबडीवरून, पाटाच्या पाण्यावरून. पण कुठलंही भांडण पुढच्या लग्नापलीकडे गेलं नाही, कारण गाणं लावायला समोरचीलाच बोलवावं लागे.

एकदा मर्सीच्या सासूची बकरी मळ्याच्या वाडीतल्या जिजाच्या वांग्यांत शिरली. जिजाने बकरीचं कूळ काढलं, मग बकरीच्या मालकिणीचं काढलं. दोन पावसाळे बोलणं बंद. त्यात मर्सीच्या नणंदेचं लग्न ठरलं. सासू गेली जिजाच्या दारात, उंबऱ्याबाहेरच उभी राहून म्हणाली, "जिजे, उद्या सांजेला विहिरीवर ये."

जिजा सूप पाखडत होती. मान वर न करता म्हणाली, "बकरी येनार हाय का?"

"बकरी घरी बांधते."

"मंग येते."

आली, आणि गाण्यात नवरीच्या नावानंतर वांग्यांचं नाव घेतलं. कळशी भर गो, पण वांगी मोजून घे, असं काहीतरी. बायका हसून हसून विहिरीच्या कठड्यावर बसल्या. मर्सीची सासू तोंडाला पदर लावून हसत होती, आणि डोळ्यांना पण तोच पदर. झालं. मिटलं. ना पाटी, ना भाषण.

मर्सी आणि जयवंती एकाच उन्हाळ्यात या दोन वाड्यांत सुना म्हणून आल्या. जयवंती मळ्याच्या वाडीत, हरेश्वरची बायको. मर्सीचा गळा होता, जयवंतीचे हात होते. हात कसे कळले, तर कॅल्विन एका लग्नाच्या आदल्या दिवशी माडावरून घसरला आणि मनगट मोडून बसला. लग्नघर हवालदिल. जयवंती म्हणाली, "आना हिकडं. भाकऱ्या थापते, ह्याला काय थापता येनार नाय?" तिने मला कमरेशी घेतला आणि पहिलीच थाप अशी मारली की कॅल्विन झोळीतला हात विसरून टाळी वाजवायला गेला आणि कळवळला.

"वहिनी," तो म्हणाला, "आता हा तुमचाच. मी नुसता सांभाळतो."

तेव्हापासून मला घर मर्सीचं आणि हात जयवंतीचे. दोघींच्यात वीतभर अंतर पडलं की मी मुका. हे तेव्हा कुणाला वाईट वाटलं नाही. मलाही नाही.

आणि बघा, गाण्याने शांती होते म्हणतात. आमच्याकडे गाण्यानेच आग लागली.

कॅल्विन गेला त्याला वर्ष झालं, त्या सांजेची गोष्ट. मर्सीच्या घरात प्रार्थना चालू होती. मर्सीचा मुलगा गॉडफ्रे, सोयरे, शेजारी, सगळे गुडघ्यांवर. त्याच वेळी वाटेवरून मळ्याच्या वाडीचा गणपती विसर्जनाला निघाला. पूर्वी ढोलकी-झांजा असायच्या. आता टेम्पोवर भिंतीएवढे स्पीकर, आणि टेम्पोवर उभा जयवंतीचा मुलगा जितेश. त्या आवाजाने मी खिळ्यावर आपोआप थरथरायला लागलो. कुणाचा हात न लागता वाजण्याची माझी ती पहिली वेळ.

गॉडफ्रे बाहेर गेला. "जितेश, पाच मिनटं बंद कर. घरात प्रार्थना हाय."

"देव रस्त्यात थांबवू? तुमच्या चर्चची घंटा वाजते तवा आमी बोलतो का?"

"पप्पांची प्रार्थना हाय, जितेश."

जितेशला ऐकू गेलं की नाही, देव जाणे. त्या आवाजात स्वतःचंही ऐकू येत नव्हतं. गॉडफ्रेने वायर ओढली. जितेश उडी मारून खाली आला. गॉडफ्रेचा ओठ फुटला, जितेशचा सदरा फाटला, आणि त्या रेटारेटीत कुणाचं तरी कोपर लागून क्रुसापुढच्या दिव्याची काच फुटली. कोपर कुणाचं ते आजतागायत ठरलेलं नाही. पण फोन वर धरून उभे राहिलेले हात पुष्कळ होते. सकाळपर्यंत ते चित्र सगळ्या वसईत फिरलं. चित्र एकच, खाली मजकूर दोन. एका मजकुरात यांनी त्यांच्या देवावर हात टाकला होता, दुसऱ्यात त्यांनी यांच्या. ज्यांनी या वाड्या कधी पाहिल्या नव्हत्या ती माणसं गाड्या घेऊन आली आणि दोन्हीकडच्या पोरांच्या पाठीवर हात ठेवून गेली.

दोन्ही बाजूंनी पोलिसात तक्रारी झाल्या. गॉडफ्रेने विहिरीकडची वाट लोखंडी फाटकाने बंद केली. जितेशने वाडीत सांगितलं, क्रुसाच्या वाडीचं कुणी आपल्या मांडवात दिसता कामा नये. कॅल्विनच्या खांद्यावर बसून लहानपणी जत्रेला गेलेला हाच जितेश.

त्यातच जितेशच्या मुलीचं, आर्याचं लग्न ठरलं. जयवंतीची एकुलती एक नात. पोरगी अंधेरीला नोकरीला, पण आजीपुढे अजून मांडीवर डोकं ठेवणारी. जयवंतीच्या मनात तिच्या जन्मापासून एकच होतं, हिचं पाणी मर्सी उचलणार.

मला वाटलं, चला, लग्न आलं म्हणजे भांडण गेलं. रीतच तशी होती. पण या वेळी कुणी उठेना. जितेश म्हणे, "मी त्याच्या दारात जानार नाय." गॉडफ्रे म्हणे, "बोलवायला आले तर बघू." आधी कोणी यायचं, एवढ्यावर जगातली किती युद्धं अडून बसली असतील! त्यांना बिचाऱ्यांना बकरी बांधून ठेवणारी कुणी मिळाली नाही.

आणि मग भूपेश आला.

भूपेश या टॉवरच्या सांस्कृतिक समितीचा. माणूस वाईट नाही, उगाच कशाला बोलू? हसतमुख, हातात दोन फोन. शाळेच्या मैदानावर 'विश्वशांती समूहगान महोत्सव' भरणार होता. हजार माणसं एकत्र गाणार आणि जगात शांती नांदणार. त्याने विहिरीच्या गाण्याचं कुठून तरी ऐकलं होतं. मर्सीच्या ओट्यावर बसून म्हणाला, "आजी, कॉन्सेप्ट असा आहे, दोन धर्म, एक सूर. तुम्ही दोघी स्टेजवर. फक्त दोन मिनिटं. जस्ट इमॅजिन, जगाला काय मेसेज जाईल!"

मर्सीने विचारलं, "जगाला जाईल. मळ्याच्या वाडीला जाईल का?"

"म्हणजे काय! सगळ्यात आधी."

आणि नवल बघा, विहिरीवर यायला जे तयार नव्हते ते स्टेजसाठी लगेच तयार झाले. पुढच्या रांगेत मोठे पाहुणे, पोलिसातले साहेब; तक्रारी मागे घ्यायला बरं पडेल, असं कुणी तरी दोघांच्या कानात सांगितलं होतं. गॉडफ्रेने आईला बजावलं, "मम्मी, स्टेजवर जा. पन विहिरीवर पाय टाकायचा नाय." जितेशने पण तेच सांगितलं असणार, फक्त 'आये' म्हणून.

मैदानाला लागून असलेल्या वर्गात दोघींना बसवलं. अंगात एकसारखे पांढरे टी-शर्ट, साडीवरून घातलेले, छातीवर कबुतर. वर्षाने समोरासमोर आल्या होत्या. मी मर्सीच्या मांडीवर. जयवंती म्हणाली, "कबूतर तुला लहान होतंय."

"तुला तर लोंबतंय. जेवतेस का नाय?"

"जेवते."

"खोटी."

जयवंतीने हात पुढे केला आणि मर्सीने मला तिच्या मांडीवर ठेवला. तिने कातड्यावरून बोटं फिरवली. "सैल पडलाय."

"हात नाय लागला वरीसभर."

"तुज्या पोराने फाटक घातलं म्हनून."

"आनि तुजा पोरगा काय संत हाय? माज्या मानसाच्या वर्षाला नाच घातला दारात." जयवंतीने मान खाली घातली. "मना ठाव नव्हतं गो प्रार्थना हाय ते. ठाव असतं तर टेम्पोपुढं आडवी झाले असते."

मर्सीने नाक पुसलं, त्या कबुतरालाच. मग विचारलं, "आर्याची हळद कवा?"

"गुरुवारी."

"गॉडफ्रे मना विहिरीवर सोडनार नाय."

"ठाव हाय."

मर्सीने बाहेर बघितलं. बाहेर स्टेजवर थर्माकोलची विहीर केली होती, तिला विटांचा रंग, वर खोटा दोर. मग ती एकदम म्हणाली, "मंग हितंच उचलते पानी."

"येड लागलं तुला? हितं विहीर कुटं हाय?"

"ती काय, ठेवलेय ना त्यांनी."

"तिच्यात निळं फडकं हाय, मर्से! मी वाकून बघून आले."

"असू दे. गानं खरं हाय ना? हात तुजे, गळा माजा, घुमट तोच. दुसरा दिस मिळनार नाय, जयवंते. आर्याचं नाव घेते मी."

जयवंतीचा चेहरा पांढरा झाला. तिला काय कळलं ते मलाही कळलं. एकदा नाव घेतलं की परत घ्यायचं नाही. "पुरं करशील ना?" तिने विचारलं. "मदीच ऱ्हायलं तर पोर उबीच ऱ्हाईल."

"माजं गानं कवा अर्धं ऱ्हायलंय?"

स्टेजवर गेलो. समोर एवढी माणसं की शेवट दिसेना. जयवंतीने मला कमरेशी बांधला आणि थाप मारली. वर्षभराची मुकी थाप होती ती. मर्सीने कानावर हात ठेवला, डोळे मिटले आणि सूर लावला. विहिरीच्या काठी गो, कोन उबी रायली? आर्या उबी रायली, जयवंतीची नात.

लोकांना वाटलं, छान लोकगीत आहे. पण खाली गर्दीत आर्या होती. तिने तोंडावर हात धरलेला मी पाहिला. तिला कळलं होतं, हे तिचंच पाणी. जितेश तिच्या शेजारी होता. गॉडफ्रे पलीकडच्या खांबाशी. दोघांनीही माना खाली घातल्या. मी मनात म्हटलं, आता. आता दुसरा भाग लागला, नवरी घरी निघाली, की ही दोन पोरं वितळणार. जयवंतीने दुसऱ्या भागाची थाप बदलली. मर्सीने श्वास घेतला.

"वॉव! काय एनर्जी आहे ना मित्रांनो!"

सूत्रसंचालन करणारी संजना माइक घेऊन आमच्या पुढ्यात येऊन उभी राहिली होती. प्रमुख पाहुण्यांची गाडी आत आली होती. "जोरदार टाळ्या आपल्या दोन्ही आजींसाठी! आणि आता तो क्षण आलाय, ज्याची आपण सगळे वाट बघतोय. मोबाइलचे टॉर्च ऑन करा!"

मर्सी गात होती. 'भरली कलशी' तिच्या ओठांवर मी पाहिलं. पण तिचा माइक बंद झाला होता आणि सगळ्या स्पीकरांतून शांतीचं गाणं सुरू झालं होतं, आधीच रेकॉर्ड करून आणलेलं. मी पुन्हा थरथरलो, टेम्पोच्या वेळी थरथरलो होतो तसाच. स्पीकर बहुतेक त्याच मंडपवाल्याचे होते. पांढरे फुगे वर गेले. दोन मुलींनी मर्सी-जयवंतीला कोपराला धरून अगदी प्रेमाने खाली उतरवलं. मला मात्र भूपेशने कमरेवरून सोडवून घेतलं. "आजी, एक मिनिट हं, फोटोपुरता." पाहुण्यांनी मला उलटा धरला आणि मातीच्या बाजूला थापा मारल्या. सगळे हसले. फोटो छान आला म्हणतात.

उतरताना जयवंती मागे वळून ओरडली, "घुमट द्या! अर्धं ऱ्हायलंय!" भूपेशने तिला अंगठा दाखवला, छान झालं म्हणून.

मागच्या दाराशी त्या दोघी माझी वाट बघत उभ्या होत्या. मी आलो असतो तर तिथेच, त्या वर्गाच्या पायरीवर, गाणं पुरं झालं असतं. तेवढ्यात गॉडफ्रे बाइक घेऊन आला, जितेश गाडी घेऊन आला, आणि मैदानाचं फाटक एवढंसं. आधी कोणी बाहेर काढायची यावरून दोघांची जुंपली. आत हजार माणसं शांती गात होती. दोघांनी आपापली आई गाडीवर बसवली आणि विरुद्ध दिशांना गेले. हे मी सदानंदच्या तोंडून ऐकलं. त्या दिवशी फाटकावर तोच होता.

मला परत कुणी पोचवलं नाही. भूपेशच्या गाडीतून मी इथे आलो. काच आली, दिवा आला, पाटी आली.

हळदीच्या आदल्या दिवशी जयवंती आली. चप्पल बाहेर काढून, डोक्यावर पदर घेऊन, देवळात यावं तशी. भूपेशने तिला खुर्ची दिली, पाणी दिलं.

"माजा घुमट द्या. उद्या नातीची हळद हाय."

"आजी, घुमट तुमच्या घरचा आहे का?"

जयवंती खोटं बोलली असती तर! पण तिला ते सुचलं नाही. "नाय," ती म्हणाली. "घर मर्सीचं."

"मग त्यांच्या मुलाने दिलाय तो समितीला. म्हणाला, ठेवा, घरात नको. आता मी तुम्हाला कसा देऊ? त्यांनी उद्या विचारलं तर? पुन्हा वाद नको ना, आजी. आपण शांतीसाठीच तर करतोय हे सगळं."

बोलणं बरोबर होतं. त्याच्यात बोट घालायला जागा नव्हती. जयवंतीने काचेवर तळहात टेकला, जिथे मागचं तोंड येतं तिथे. थोडा वेळ ठेवला आणि गेली. काचेवर हाताचा ठसा राहिला होता. तो विनयाने पुसला. विनया मळ्याच्या वाडीचीच, इथे लादी पुसायला येते. पुसताना रडत होती.

हळदीचं पुढचं मी तिच्याच तोंडून ऐकलं, ती सदानंदला सांगत होती तेव्हा.

"काय सांगू भाऊ, म्हातारी सांजेला कळशी घेऊन विहिरीवर गेली. आर्या पन गेली, मेंदीचे हात तसेच. दोघी फाटकाकडं बघत बसल्या. पलीकडं मर्सीमायची खिडकी बंद. गॉडफ्रेने तिला आदल्या दिसीच बहिणीकडं बांद्र्याला नेऊन ठेवली."

"मग पाणी?"

"पानी कसलं! आर्या म्हनाली, आजी, मीच गाते. म्हातारी म्हनाली, नाय बाय, नवरीला स्वतःला घरी नेता येत नाय. शेवटी जितेशने हाका मारल्या, डीजेवाला खोळंबला म्हनून. हळद टँकरच्या पान्यात कालवली. आजीने लावली नाय. नुसती बघत ऱ्हायली."

आर्याचं बरं चाललंय, बरं का. नवरा भला आहे. फोनवर हसते, आजीला फोटो पाठवते. तिचं काही वाईट झालं असं मी सांगणार नाही, झालेलं नाही. पण जयवंती अजून रोज दिवेलागणीला विहिरीवर जाते आणि कठड्याशी थोडा वेळ बसते. कुणी विचारलं तर म्हणते, "पोर एकटी उबी हाय. सोबत नको का?" मर्सी बांद्र्याहून परत आली. आता तिची खिडकी उघडी असते. दोघींच्यात फाटक आहे, आणि फाटकाच्या पलीकडून हात हलवता येतो, तो त्या हलवतात. गाणं लावता येत नाही, कारण मी इथे आहे.

आता त्या टीव्हीचं.

महोत्सवाचं चित्रण माझ्यासमोरच्या टीव्हीवर दिवसभर चालू असतं. मर्सी कानावर हात ठेवते, सूर लावते, आर्याला विहिरीवर उभी करते, श्वास घेते, आणि फुगे. मग पाहुणे, मग मी उलटा. मग पुन्हा पहिल्यापासून. पट्ट्यावर धावणारी माणसं त्या तालावर धावतात.

परवा जयवंती पुन्हा आली. विनयाचा हात धरून. घुमट मागायला नाही, नुसता बघायला. टीव्हीवर मर्सीचा सूर लागला तशी ती थबकली. तिचे हात मांडीवर आपोआप पडायला लागले, बरोबर थापेला थाप. दुसऱ्या भागाची थाप तिने बदलली. आणि फुगे आले.

तिचे हात थांबले. "पुढचं कुटं हाय?"

सदानंद म्हणाला, "एवढंच आहे, आजी. आता परत पहिल्यापासून लागेल."

लागलं. मर्सीने आर्याला पुन्हा उभी केली.

"बंद कर रे बाबा," जयवंती म्हणाली. "सारखी सारखी उबी करतात पोरीला, घरी कोनीच नेत नाय."

"रिमोट साहेबांकडे असतो, आजी."

ती गेली. टीव्ही चालू आहे.

यंदाच्या महोत्सवाची तयारी सुरू झालीय असं ऐकतो. विहीर या वेळी मोठी करणार आहेत, आणि तिच्यात निळ्या फडक्याऐवजी निळे दिवे लावणार आहेत. तुम्ही येणार असाल तर एवढं ऐका, टाळ्या नका वाजवू. तेवढ्या हातांनी ही काच काढा. मर्सी आहे, जयवंती आहे, माझं कातडं अजून ताणलेलं आहे, मधल्या विहिरीत पाणी आहे. गाणं पुरं व्हायला आणखी काय लागतं, ते मला मातीला कळत नाही.

थांबा. सुरू झालं बघा. मर्सी कानावर हात ठेवतेय.

विहिरीच्या काठी गो, कोन उबी रायली?